वाणीचें मोजमाप

जिभेला हाड नसतें, असें आपण वाटेल तें बोलणाऱ्या माणसाविषयीं म्हणतों. पण रागानें उच्चारलेल्या या म्हणींत शरीरशास्त्रांतलें एक मोठें सत्य आहे. हात हलला तर हाडें व सांधे यांवरून तो किती हलला, हें सांगतां येतें. जीभ ही सारी स्नायूंचीच बनलेली. तिला सांधा नाहीं कीं कणा नाहीं. ती लांबते, रुंदावते, मध्येंच खोलगट होते, कडांनीं वर उचलली जाते. आणि हें सारें ओठांच्या व दांतांच्या आड चाललेलें असतें. साधारण गतीनें बोलणारा मनुष्य एका सेकंदांत दहा-पंधरा ध्वनि उच्चारतो. तेवढ्या वेळांत जिभेनें काय काय केलें, हें खुद्द बोलणाऱ्यासही सांगतां येत नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं या विषयांत केलेलें काम पाहिलें म्हणजे मन थक्क होतें. मुलास धुळाक्षरें शिकवितांना ‘क’ वर्गापासून ‘प’ वर्गापर्यंत आपण जातों, तो खरोखर कंठापासून ओठांपर्यंतचा प्रवास आहे. शिक्षाग्रंथकारांनीं वर्णांचीं स्थानें व प्रयत्न सांगितले, ते कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ स्वतःच्या मुखाकडे लक्ष देऊन. पाणिनीय शिक्षेंत तर वाणीचा उगम तोंडाच्याही मागें नेला आहे. बोलण्याची इच्छा, मग मन, मग देहांतील अग्नि, मग वायु व शेवटीं वर्ण, अशी ती साखळी आहे. तिचें एक टोंक आंत व दुसरें ओठांवर. आजच्या शास्त्रासही हीं दोन्ही टोंकें एकाच वेळीं, एकाच माणसाच्या ठायीं पाहावयाचीं आहेत. आणि अडचण अशी कीं, एक धरावें तों दुसरें सुटतें. ही अडचण किती खरी आहे, हें आम्हांस कळण्याचें कारण मात्र पुस्तक नव्हे, आमच्या घरांतली एक घटना होय.

आमचें घर वेवजीस. हें गांव पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यांत, महाराष्ट्र जेथें संपतो तेथें आहे. जवळचें रेल्वे स्टेशन उंबरगांव रोड, तें गुजराथेंत. आमच्या थोरल्या काकूंचें माहेर उंबरगांवचें. त्यांचा जन्म झाला तेव्हां उंबरगांव ठाणें जिल्ह्यांतच होतें. १ मे १९६० रोजीं दोन राज्यें झालीं व त्यांचें माहेर गुजराथेंत गेलें. पुढें लग्न होऊन त्या वेवजीस आल्या, त्या पुनः महाराष्ट्रांत. यामुळें काकूंच्या तोंडीं तीन बोली सारख्याच सहज होत्या. घरांत मराठी, बाजारांत गुजराथी आणि वाडींत कामास येणाऱ्या बायकांशीं वारली. या वारली बोलीचा शास्त्रीय अभ्यास १९६० नंतरच्या दशकांत डॉ. अ. मा. घाटगे यांनीं केला, तो भाषेच्या अभ्यासकांस ठाऊक असेलच. काकूंनीं ती चिकूच्या झाडांखालीं ऐकून उचलली होती.

गेल्या वर्षीं आषाढांतील एका सकाळीं चहा गाळतांना काकूंच्या हातून गाळणें सुटलें. उजवा हात लोंबूं लागला, ओठाची एक बाजू उतरली व शब्द एकमेकांत मिसळूं लागले. त्यांना तांतडीनें वापीस नेलें. जीव वांचला, हातही पुढें बराचसा सुधारला. परंतु शब्द आले नाहींत. पाणी हवें असो, ऊन लागत असो, कीं नातवंडाचा पापा घ्यावयाचा असो, तोंडून एकच येई, ‘बघ ना’.

याच सुमारास घरांत दुसरा प्रश्न उभा राहिला. वेवजीचें घर बंद करून काकूंना मुंबईस न्यावें कीं काय? तेथें उपचारांची सोय अधिक. येथें त्यांचें सारें आयुष्य. या घराची धुरा चाळीस वर्षें त्यांनीं वाहिली असल्यामुळें त्यांना विचारल्याशिवाय कांहीं करणें कोणासच रुचत नव्हतें. पण विचारावें कसें? त्यांना आमचें बोलणें समजतें कीं नाहीं, हेंच कोणास ठामपणें सांगतां येईना. मेंदूचें चित्र काढलेलें होतें. डाव्या बाजूस झालेली इजा त्यांत स्वच्छ दिसत होती. आम्हीं डॉक्टरांस विचारलें, ‘काकूंना काय समजतें, हें यांत दिसेल का?’ ते मोठे सरळ गृहस्थ. ते म्हणाले, ‘इजा कोठें झाली, तेवढें चित्र सांगतें. त्यांच्या मनांत काय आहे, हें त्यांत नाहीं.’ एवढीं प्रचंड यंत्रें असतांना तें कां नसावें, हें समजून घेण्यासाठीं आम्ही वाचूं लागलों. त्याचें सार येथें देतों.

प्रथम मेंदूची बाजू. १८६१ सालीं पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळांत एक रोगी वारला. कित्येक वर्षें त्याच्या तोंडून ‘तां’ एवढाच ध्वनि येत असे. पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें त्याचा मेंदू तपासला व डाव्या बाजूच्या पुढील भागांत झालेला बिघाड दाखविला. पुढें १८७४ सालीं कार्ल वेर्निके यानें मागच्या बाजूच्या एका भागाकडे बोट दाखविलें. तेथें इजा झाली तर मनुष्य धडाधड बोलतो, पण त्यास दुसऱ्याचें बोलणें नीट उमगत नाहीं. बोलतां न येणें व समजत नसणें या दोन निरनिराळ्या आपत्ति आहेत, हें तेव्हांपासून वैद्यकास ठाऊक आहे. मात्र मेंदूंतील स्थान कळण्यासाठीं त्या काळीं रोग्याच्या मरणाची वाट पाहावी लागे.

जिवंत माणसाच्या मेंदूंतील विजेचा आलेख प्रथम काढला तो जर्मनीतील हान्स बर्गर यानें, १९२४ सालीं. कवटी व कातडी ओलांडून बाहेर येईपर्यंत ही वीज इतकी क्षीण होते कीं, तिचें माप एका व्होल्टच्या दहाहजाराव्या भागाच्याही आंत भरतें. उलट जबडा, ओठ व कपाळ यांच्या स्नायूंची वीज तिच्याहून कितीतरी पट मोठी. त्यामुळें मनुष्य बोलूं लागला कीं मेंदूचा आलेख स्नायूंच्या गोंगाटांत बुडून जातो; देवघरांत कोणी हळू आवाजांत जप करीत असावा व दारावरून वाजंत्र्यांसह वरात जावी, तसें होतें. यावर संशोधकांनीं पुष्कळ वर्षें काढलेली तोड अशी कीं, माणसास बोलूंच द्यावयाचें नाहीं. शब्द मनांत म्हणा, ओठ हलवूं नका, फार तर बटण दाबा! वाणीचा अभ्यास अशा रीतीनें मौनांत चालला. पण मनांत म्हटलेला शब्द व तोंडानें म्हटलेला शब्द एकच आहे, असें कोण म्हणेल?

एम. आर. आय. यंत्राची अडचण निराळी. मेंदूचा जो भाग काम करितो त्याकडे रक्ताचा ओघ वाढतो, व त्या रक्तांतील प्राणवायूच्या फरकावरून चित्र उमटवितां येतें, हें सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानें १९९० सालीं दाखविलें. या चित्रानें स्थान उत्तम कळतें, परंतु रक्त सावकाश चालतें. काम झाल्यावर पांच-सहा सेकंदांनीं हा फरक शिगेस पोंचतो. तेवढ्यांत आपलें एक अख्खें वाक्य बोलून होतें, आणि त्यांतील कोणता ध्वनि कोणत्या क्षणीं निघाला, हें त्यावरून वेगळें करितां येत नाहीं. शिवाय यंत्राचा खडखडाट कान बधिर करणारा. डोकें तसूभरही हलवावयाचें नाहीं. आणि डोकें न हलवितां नुसतें तोंड उघडलें, तरी मुखांतील हवेची जागा बदलून चुंबकीय क्षेत्र हलतें व चित्र डागळतें. मेंदूचें स्वतःचें चुंबकत्व मोजण्याचें यंत्र त्वरित आहे, पण तें चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाहून कोट्यवधि पटींनीं दुबळें. त्यासाठीं सर्व बाजूंनीं धातूच्या खास पत्र्यांनीं मढविलेली खोली लागते. दांतांत बसविलेली चांदीसुद्धां, जबडा हलला कीं, तेथें व्यत्यय आणते.

आतां मुखाची बाजू. टाळूस किंवा जिभेस काळी पूड लावून ‘त’ म्हणावयाचा व ठसा कोठें उठला तें आरशांत पाहावयाचें, ही जुनी रीत. मराठी ‘च’ हें अक्षर एकच, पण ‘चाक’ म्हणतांना जीभ दांतांमागें टेकते व ‘चार’ म्हणतांना टाळूकडे वळते, हें अशा ठशावरून मुलांसही दाखवितां येईल. परंतु ठसा म्हणजे पाऊलखूण. चाल त्यांत दिसत नाहीं. चाल टिपण्यासाठीं आतां जिभेवर, ओठांवर व जबड्यावर तांदळाच्या कण्यांएवढीं वेटोळीं चिकटवितात व चुंबकीय क्षेत्रांत त्यांची जागा सेकंदास शेंकडों वेळां मोजतात. माप सूक्ष्म मिळतें, पण तोंडांतून तारा लोंबत असतात, जिभेच्या मुळाशीं वेटोळें लावावें तर ओकारी येते, आणि तोंडांत असें कांहीं असतां माणूस आपल्या नेहमींच्या वाणीनें बोलत नाहीं. हनुवटीखालीं सोनोग्राफीचें उपकरण धरिलें तर जिभेची पाठ दिसते, परंतु तिचें टोंक जबड्याच्या हाडाच्या छायेंत दडतें. एम. आर. आय.नें बोलतांना जीभ हलतांना दाखविण्याची रीत श्रीकांत नारायणन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत २००४ च्या सुमारास पुढें आणिली. तींत कंठापासून ओठांपर्यंत सर्व दिसतें. पण बोलणारा उताणा निजलेला असतो, आणि तो खडखडाट आहेच.

मुखांत कांहींच न घालतां, केवळ आवाजावरून जिभेची जागा ओळखतां आली तर? या प्रश्नावर आमच्या मुंबईंतच, पवईच्या आय. आय. टी.मध्यें, काम झालें आहे. ज्या मुलास जन्मतः ऐकूं येत नाहीं त्यास आपला उच्चार चुकला हें कळणार कसें? प्रा. पांडेय व त्यांचे सहकारी यांनीं, आवाजावरून मुखाची आकृति काढून ती त्या मुलास पडद्यावर दाखवावी, अशी दिशा घेतली. स्वरांच्या बाबतींत हें जमतें. पण ‘प’, ‘त’, ‘क’ यांच्या उच्चारांत एक क्षण असा येतो कीं, मुख पूर्ण बंद असतें व आवाजच नसतो. आणि जीभ नेमकी कोठें टेकली, हें त्याच क्षणीं पाहावयाचें असतें! त्या निःशब्द क्षणाच्या आधींच्या व नंतरच्या ध्वनींवरून मधली जागा अनुमानानें भरून काढण्याची त्यांची रीत २००९ सालीं प्रसिद्ध झाली.

हीं दोन्ही मोजमापें एकत्र करूं जावें तर तीं एकमेकांशीं भांडतात. उच्चार मोजणारीं चुंबकीय यंत्रें मेंदूचा आलेख बिघडवितात. मेंदूचें चित्र काढणाऱ्या यंत्रांत धातूचीं वेटोळीं नेतां येत नाहींत. २०१६ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं एक तोड प्रसिद्ध केली, ती वाचून आम्हांस हसूं आलें व कौतुकही वाटलें. अपस्माराच्या ज्या रोग्यांच्या मेंदूवर उपचारासाठीं आधींच विजेच्या पट्ट्या बसविलेल्या असतात, अशांच्या खाटेशीं चालेल अशी ती पद्धत. ओठ निळे रंगवावयाचे, नाकावर व हनुवटीवर तांबडे ठिपके द्यावयाचे, समोरून साध्या कॅमेऱ्यानें टिपावयाचें व हनुवटीखालीं सोनोग्राफी धरावयाची. ठिपके लावण्याचें काम आमच्या घरांतील लहान मुलींनींही हौसेनें केलें असतें. परंतु मुख्य यंत्रांच्या भांडणांतून वाट निघाली ती यामुळेंच.

त्याच प्रांतांतील सॅन फ्रान्सिस्को येथें २०२१ सालीं याहून पुढचें पाऊल पडलें. पंधरा वर्षांपूर्वीं झटका येऊन ज्याची वाणी गेली होती, अशा एका मनुष्याच्या मेंदूवर पट्टी बसवून, तो बोलण्याचा प्रयत्न करीत असतां उठणाऱ्या खुणांवरून त्याचे शब्द पडद्यावर उमटविले. शब्दसंग्रह ५० शब्दांचा, गति मिनिटास सुमारें १५ शब्द, आणि चारांतला एखादा शब्द चुके. २०२३ सालीं दुसऱ्या रोग्यांवरील प्रयोगांत ही गति ६० ते ८० शब्दांपर्यंत गेली. हें सारें विलक्षण आहे. पण तें इंग्रजींत झालें, कवटी उघडून झालें, आणि त्या रोग्यांची मनांत शब्द जुळविण्याची शक्ति शाबूत होती; तुटली होती ती मेंदू व मुख यांमधील वाट. काकूंचें दुखणें निराळें. त्यांची जीभ हलत होती. शब्द सांपडत नव्हता. यास वाचाघात म्हणतात.

आमच्या वाचकांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रांत २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूचीं चित्रें घेऊन तीं इतर २१ जणांच्या चित्रांशीं ताडून पाहिलीं. तो लेख २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. स्मृति व वाणी यांच्याशीं संबंध असलेल्या कांहीं भागांच्या घडणींत फरक आढळला. या लेखाचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु तीं चित्रें घडणीचीं होतीं, घनपाठ चालूं असतांनाचीं नव्हेत. नदीचें पात्र मोजलें म्हणजे पाणी मोजलें, असें होत नाहीं.

इतकें वाचल्यावर डॉक्टरांच्या उत्तराचा अर्थ आम्हांस लागला. काकूंच्या मनांतलें काढण्याचें यंत्र कोठें दडवून ठेविलेलें नव्हतें; तें नव्हतेंच. मग एक वाचा-उपचारतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनीं सांगितलें कीं, वाचाघातांत ‘हो’ म्हणावयाचें असतां ‘नाहीं’ निघतें व मानही उलट हलते, तेव्हां एका होकारावर कधींही विसंबूं नये. आणि शब्द निघत नाहीं म्हणून समज गेली, असेंही धरूं नये. दरम्यान दोन गोष्टी घडल्या. एका संध्याकाळीं मुलें रामरक्षा म्हणत होतीं, तों काकू त्यांच्या बरोबरीनें म्हणूं लागल्या. एक अक्षर अडलें नाहीं. पुढें वाडींत चिकू टोपलींत भरले जात असतां त्यांनीं आपण होऊन ‘एक, बे, त्रण’ असें गुजराथींत मोजण्यास सुरुवात केली. घरांतील मंडळींस वाटलें, वाणी परत आली! पण लगेच पाणी मागावयाचें झालें तेव्हां पुनः ‘बघ ना’. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, पाठ झालेलें व ठरलेल्या क्रमाचें बोलणें पुष्कळदां वांचतें. नवा शब्द शोधून काढणें हेंच अवघड. अनेक भाषा जाणणाऱ्यांच्या भाषा सारख्याच प्रमाणांत परत येत नाहींत, हें फ्रेंच वैद्य पित्र यानें १८९५ सालींच लिहून ठेविलें आहे.

त्यांच्या सांगण्यावरून घरांतच एक मोजमाप योजिलें. प्रथम ज्यांचीं उत्तरें सर्वांस ठाऊक आहेत, असे प्रश्न. ‘काकू, तुमचें माहेर डहाणूचें का?’ ‘उंबरगांवचें का?’ उत्तर शब्दानें द्यावयाचें नाहीं. समोर ठेवलेल्या दोन चित्रांपैकीं एकास डावा हात लावावयाचा. चित्रांच्या जागा दर वेळीं बदलावयाच्या, कारण झटक्यानंतर कांहीं रोग्यांस एका बाजूचें दिसत नाहीं व मग हात उगाच एकाच बाजूस जातो. एका वेळीं एकच लहान वाक्य. विचारल्यावर मनांत दहा अंक मोजीपर्यंत कोणीं बोलावयाचें नाहीं. हें शेवटचें आमच्या मंडळींस सर्वांत जड गेलें! वाडींत कामास येणाऱ्या एका वारली बाईंनीं तेच प्रश्न आपल्या बोलींत विचारले. त्यांना थांबण्याची घाई नव्हती. काकू त्यांच्याकडे पाहून हसत व सावकाश हात पुढें करीत. या प्रश्नांचीं उत्तरें बहुतेक बरोबर आलीं. समज जागेवर होती.

मग मुख्य प्रश्न. वेवजीच्या घराचें एक छायाचित्र व मुंबईच्या बिऱ्हाडाचें एक. निरनिराळ्या दिवशीं, निरनिराळ्या माणसांनीं, तिन्ही बोलींत विचारलें. कधीं ‘कोठें राहायचें?’ तर कधीं उलट, ‘कोठें जायचें नाहीं?’ प्रश्न उलटला कीं हातही दुसऱ्या चित्राकडे गेला. एक वेळ सोडली तर काकूंचें उत्तर कधीं बदललें नाहीं. वेवजीचें घर उघडें राहिलें. धाकटे बंधु व वहिनी तेथें राहावयास आले, आणि उपचारतज्ज्ञ बाई आठवड्यास एकदां दूरध्वनीच्या पडद्यावर भेटतात. मुंबईची सोय सोडल्याची किंमत आहे व ती घर सोसतें आहे. पण ती कोणाच्या तरी अंदाजावर सोसत नाहीं, काकूंच्या निर्णयावर सोसतें आहे.

ज्या घरांत वडील माणसें आहेत, त्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बोलतां बोलतां शब्द अडखळूं लागले, तोंड वांकडें झालें किंवा एक हात लुळा पडला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां मेंदूचें चित्र काढण्याची सोय असेल अशा इस्पितळांत न्यावें. रक्ताची गुठळी विरघळविण्याचें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, म्हणून दुखणें केव्हां सुरू झालें ती वेळ लिहून ठेवावी. आणि वाणी गेली तर त्या माणसासमोर, तें तेथें नसल्यासारखें, बोलूं नये. त्याच्या मनांतील शब्द मोजणारें यंत्र उद्यां निघेल व निघावें, अशी आमची इच्छा आहे. तोंवर प्रश्न एकच विचारावा, लहान विचारावा, उलटून विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें.